नसलेल्या प्रिंटरसाठी एस.टी.डी.

परवा नांदेडहून एका पोराचा फोन आला. दोन वर्षं माझ्या हाताखाली शिकून गेलेला, आता स्वतःच दहा-बारा शाखांचे राउटर सांभाळतो. म्हणाला, "सर, बॅकअपच्या सिमचा डेटा पंधरवड्यातच संपायलाय. मेन लाइन चालू आहे, सिमला तसं काही कामच नाही. कामून संपत असंल?" मी विचारलं, "डायलर-लिस्टमध्ये काय लिहिलंय?" की-बोर्डचा खडखडाट ऐकू आला. मग त्यानं वाचून दाखवलं, "डायलर-लिस्ट १, प्रोटोकॉल आयपी, परमिट."

मी हसलो ते त्याला आवडलं नसावं. पण ही ओळ, म्हणजे कशासाठीही जोडणी लाव असा राउटरला दिलेला मोकळा परवाना, माझ्या चांगल्या ओळखीची. २००३ साली एका सहकारी बँकेच्या अंबाजोगाई शाखेत बसून मी हीच ओळ स्वतःच्या हातानं टाइप केली होती, आणि दोन महिन्यांनी त्या शाखेला पाच आकडी टेलिफोन बिल आलं होतं. आयएसडीएन, म्हणजे टेलिफोनच्या तारांवरची डिजिटल जोडणी, आता गेलं. राउटरमधल्या डायलरच्या कमांड मात्र तशाच राहिल्यात, आज त्याच कमांड सिमच्या इंटरफेसवर लिहितात. म्हणून त्या पोराला फोनवर घाईत सांगितलं ते इथं नीट लिहून ठेवतो.

तेव्हा मी लातुरात एका छोट्या कॉम्प्युटर फर्ममध्ये कामाला होतो. बँकेचं मुख्य कार्यालय लातूरला, शाखा अकरा. उदगीर, अहमदपूर, निलंगा, औसा, परळी, अंबाजोगाई, अशा पसरलेल्या. कोअर बँकिंग अजून आलेलं नव्हतं. प्रत्येक शाखेत आपापला सर्व्हर, आणि संध्याकाळी दिवस बंद केला की त्या दिवसाची फाइल मुख्य कार्यालयाला पाठवायची. त्याआधी ही फाइल फ्लॉपीत घालून शिपायाबरोबर एस.टी.नं लातूरला जायची. एखादी फ्लॉपी वाटेतच खराब व्हायची, आणि मग दुसऱ्या दिवशी शिपाई परत.

साध्या मॉडेमवर आम्ही प्रयोग करून पाहिला होता. तो कीं-कूं आवाज, अर्धा मिनिट वाट, आणि लाइनमध्ये जरा खरखर असली की जोडणी तुटली. आयएसडीएन त्याच दोन तांब्याच्या तारांवरून यायचं, पण एक्सचेंजपासून शाखेपर्यंत सगळं डिजिटल. एका जोडणीत ६४ केबीपीएसचे दोन बी चॅनल आणि १६ केबीपीएसचा एक डी चॅनल. बी चॅनलवरून माल जातो. डी चॅनलवरून फक्त निरोप: कुणाला फोन लावायचा, उचलला का, ठेवला का. मॉडेमसारखी सुरांची घासाघीस नसल्यामुळे एक-दोन सेकंदांत फोन जोडला जायचा. गंमत इथंच होती. जोडणी इतकी पटकन होते म्हटल्यावर राउटरला सांगता येतं की पाकीट (पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा) आलं की फोन लाव, काम झालं की ठेव, माणसाला कळूसुद्धा देऊ नको. 'डायल ऑन डिमांड' म्हणतात ते हेच.

आता मागं वळून बघताना कळतं, राउटरला फोन लावायला शिकवायला मला एक दिवस लागला. कधी लावायचा नाही, हे शिकवायला वर्ष गेलं.

पहिली शाखा अंबाजोगाई. लातूरहून रेणापूरमार्गे एस.टी., मांडीवर सिस्को १७२० चं खोकं. कंडक्टर म्हणाला, "टीव्ही हाय का?" शाखेत भिंतीवर एनटी-१ ची डबी आधीच बसवून ठेवलेली होती. एक्सचेंजकडून येणाऱ्या दोन तारा तिच्यात जातात आणि तिच्यातून चार तारांची एस/टी जोडणी निघते, ती राउटरच्या बीआरआय, म्हणजे आयएसडीएनच्या, पोर्टमध्ये. पिना ३, ४, ५ आणि ६. दिसायला नेटवर्कच्या केबलसारखीच, पिनही तसलीच, आणि म्हणूनच शाखेतला कुणीतरी हौशी माणूस कधी ना कधी ती स्विचमध्ये खुपसतोच. मी प्रत्येक शाखेत त्या केबलला लाल चिकटपट्टी गुंडाळून ठेवायचो.

माझ्याकडं जे पुस्तक होतं ते अमेरिकेत छापलेलं. त्यात पहिल्याच पानावर लिहिलेलं, टेलिफोन कंपनीकडून एसपीआयडी नंबर मागून घ्या, त्याशिवाय लाइन चालू होणार नाही. मी एक्सचेंजमध्ये गेलो आणि तिथल्या जे.टी.ओ. साहेबांना म्हटलं, एसपीआयडी द्या. ते म्हणाले, "हे काय असतं?" मला वाटलं, यांना माहिती नाही. त्यांना वाटलं, ह्याला माहिती नाही. खरे निघाले तेच, कारण एसपीआयडी ही फक्त उत्तर अमेरिकेची भानगड. आपल्याकडं युरोपची पद्धत. मग स्विच-टाइपचा, म्हणजे समोरचं एक्सचेंज कुठल्या जातीचं ते राउटरला सांगायचा, घोळ. मी विचारलं, "तुमचं एक्सचेंज कोणतं?" ते म्हणाले, "ओसीबी." राउटरच्या यादीत ओसीबी नावाचं काहीच नाही. दुपारभर मी एकेक टाइप लावून बघत होतो, आणि दरवेळी राउटर रीलोड. शेवटी 'बेसिक-नेट३' लावलं आणि 'शो आयएसडीएन स्टेटस'मध्ये जे दिसायला पाहिजे ते दिसलं. लेयर १ ॲक्टिव्ह. लेयर २ मध्ये टीईआय (एक्सचेंजनं राउटरला दिलेला नंबर) ६४, आणि त्यापुढं 'मल्टिपल फ्रेम एस्टॅब्लिश्ड'. हे तीन शब्द दिसले की समजायचं, राउटर आणि एक्सचेंज यांची बोलाचाली सुरू झाली. नुसतं 'टीईआय असाइन्ड' दिसलं तर अजून रुसवा आहे.

एक गोष्ट नव्या माणसाला हमखास फसवते. फोन लागलेला नसतानाही बीआरआय इंटरफेस 'अप' दिसतो आणि पुढं कंसात 'स्पूफिंग' लिहिलेलं असतं. म्हणजे राउटर रूटिंग टेबलाला, त्याच्या रस्त्यांच्या यादीला, थाप मारतोय: आहे बाबा, रस्ता आहे, पाठव पाकीट. थाप मारली नाही तर पाकीट येणार नाही, आणि पाकीट आलं नाही तर फोन लागणार नाही. त्याची ही थाप कामाची आहे. पण मॅनेजरला ती स्क्रीन दाखवून "झालं साहेब, चालू झालं" म्हणालात तर तुम्ही मारलेली थाप ठरते. मी म्हणालो होतो.

कारण फोन लागायचा आणि तीन सेकंदांत तुटायचा. परत लागायचा, परत तुटायचा. आता इथं चॅपचं, म्हणजे दोन राउटरांनी ओळख पटवायच्या पद्धतीचं, थोडं सांगतो, कारण आमच्या भागातल्या गावांच्या नावांमुळं ही चूक आमच्याकडं जास्त व्हायची. फोन जोडला गेल्यावर समोरचा राउटर विचारतो, तू कोण, आणि सोबत एक आकडा देतो. आपल्या राउटरनं त्या आकड्यात पासवर्ड मिसळून त्याचा एमडी५ (एक गणिती ठसा) काढून स्वतःच्या होस्टनेमसकट, म्हणजे नावासकट, परत पाठवायचा. पासवर्ड तारेवरून जातच नाही, म्हणून ही पद्धत चांगली. पण लातूरच्या राउटरमध्ये 'यूजरनेम' म्हणून जे लिहिलेलं आहे ते आणि शाखेच्या राउटरचं होस्टनेम हे अक्षर न् अक्षर एक पाहिजे, कॅपिटल-स्मॉलसकट. आणि मी लातूरला लिहून आलो होतो 'अंबाजोगाई', तर इथं शाखेच्या पाटीवर बघून टाइप केलं होतं 'अंबेजोगाई'. इंग्रजीत दोन्ही स्पेलिंगं चालतात, लोक दोन्ही लिहितात. एका 'ए'चा फरक. 'डीबग पीपीपी ऑथेंटिकेशन' लावल्यावर दोन मिनिटांत सापडलं, पण लावायचं सुचेपर्यंत दीड तास गेला होता. निजामाच्या काळात या गावाला मोमिनाबाद म्हणायचे. ते तिसरं नाव कुणी वापरत नव्हतं हे माझं नशीब.

आणि हे लक्षात ठेवा: चॅप फसला तरी फोन उचलला गेलेला असतो. म्हणजे मीटर पडलेलं असतं. त्या दीड तासात किती पल्स गेल्या असतील, देव जाणे.

संध्याकाळी फाइल गेली. लातूरहून फोन आला, मिळाली. मॅनेजर साहेबांनी पेढे मागवले. योगेश्वरीला नारळ फोडून मी शेवटच्या गाडीनं परत आलो.

टेलिफोनचं बिल तेव्हा दोन महिन्यांनी यायचं. त्यात आधीचं मीटर रीडिंग, आताचं मीटर रीडिंग, वजा जाता कॉल इतके, रक्कम इतकी. कुणाला लावला, कधी लावला, काही नाही. मॅनेजर साहेबांनी मला बोलावून बिल टेबलावर ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "आम्ही रोज एकच फाइल पाठवतो ना वो?" ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मी राउटरला कन्सोल लावला आणि 'शो डायलर' दिलं. त्यात एक ओळ असते, किती सेकंदांनी फोन ठेवला जाईल त्याची. काही न सांगता राउटर १२० सेकंद वाट बघतो. तेवढ्या वेळात कामाचं पाकीट गेलं नाही तर फोन ठेवतो. मी दर पाच सेकंदांनी तीच कमांड देत बसलो. ११८. ११३. १०७. १०१. ९६. आणि मग परत ११९. पुन्हा खाली, ९५ च्या आसपास, आणि पुन्हा वर. शाखेत त्या वेळी कुणीच काही पाठवत नव्हतं. जेवणाची सुट्टी होती.

हे काम रिपचं. मी दोन्ही बाजूंना रिप रूटिंग (राउटरांनी एकमेकांना रस्ते सांगायची पद्धत) चालू केलं होतं, कारण पुस्तकात केलं होतं. रिप दर तीस सेकंदांनी आपलं सगळं टेबल ओरडून सांगतो. डायलर-मॅपच्या, म्हणजे कुठल्या नंबरला फोन लावायचा त्या ओळीच्या, शेवटी मी 'ब्रॉडकास्ट' हा शब्दही लिहिलेला, म्हणजे ते ओरडणं फोनवरून पलीकडं जायला मोकळीक. आणि डायलर-लिस्टमध्ये आयपी परमिट, म्हणजे आयपीचं कुठलंही पाकीट कामाचं. घड्याळ १२० चं, आणि दर तीस सेकंदांनी कुणीतरी ते परत भरतोय. फोन खाली ठेवला जाणार कधी? दोन महिने, रात्रंदिवस, रविवार, पोळा, सतरा सप्टेंबरची सुट्टी धरून अंबाजोगाई लातूरशी बोलत होती. बोलणं एकच: तुझ्याकडं काय आहे, माझ्याकडं काय आहे, काही बदल नाही.

तेवढ्यानं भागलं नव्हतं. पुस्तकात 'डायलर लोड-थ्रेशोल्ड १' अशी ओळ होती, तीही मी उचलली होती. हा आकडा १ ते २५५ असतो. २५५ म्हणजे पहिला चॅनल काठोकाठ भरल्यावरच दुसरा उघडायचा. १ म्हणजे काही असो-नसो, दुसराही लगेच उघडायचा. मल्टिलिंक चालू असल्यामुळं दोन्ही चॅनल जोडले जाऊन १२८ केबीपीएस मिळतात, आणि ते बघून मी खूश झालो होतो. पण दोन बी चॅनल म्हणजे एक्सचेंजच्या लेखी दोन फोन. दोन मीटर.

मी रिप काढून टाकलं. शाखेत एकच स्टॅटिक रूट, म्हणजे हातानं लिहिलेला कायमचा रस्ता, सगळं लातूरकडं. लातुरात प्रत्येक शाखेसाठी एकेक. अकरा शाखांच्या जाळ्यात रूटिंग प्रोटोकॉल लावणं म्हणजे चार घरांच्या वस्तीवर ट्रॅफिक पोलीस नेमणं. लोड-थ्रेशोल्ड आणि मल्टिलिंक दोन्ही काढले, 'ब्रॉडकास्ट' शब्द काढला. घड्याळ खाली येत येत शून्यावर आलं आणि फोन ठेवला गेला. अख्ख्या नोकरीत कुठली जोडणी तुटताना बघून इतका आनंद झाला नसेल.

इंग्रजीत याला 'इंटरेस्टिंग ट्रॅफिक' म्हणतात, ज्यासाठी फोन लावावा असं ट्रॅफिक. पोरांना शिकवताना मी 'दखलपात्र' म्हणतो, पोलीस ठाण्यातला शब्द. पाकीट दखलपात्र असेल तर राउटर उठून फोन लावतो आणि घड्याळ परत भरतो. अदखलपात्र असेल तर त्याच्यासाठी उठत नाही. पण फोन दुसऱ्या कुणासाठी आधीच लागलेला असेल तर अदखलपात्र पाकीटही त्याच जोडणीवरून बिनदिक्कत जातं, फक्त घड्याळाला हात लावत नाही. हे शेवटचं वाक्य मला तेव्हा नीट कळलेलं नव्हतं. त्याचा किस्सा पुढं आहेच.

पुढच्या वेळी मी बिलाची वाट बघितली नाही. पंधरा दिवसांनी जाऊन बसलो. दिवसा ठीक. रात्री मात्र राउटर उठत होता. बँक बंद, शटर खाली, आणि अधूनमधून एक फोन लातूरला. दोन मिनिटं बोलणार, ठेवणार, परत लावणार. 'शो डायलर'मध्ये एक फार मोलाची ओळ असते, 'डायल रीझन'. हा फोन कुठल्या पाकिटासाठी लावला, ते पाकीट कुठल्या पत्त्यावरून निघालं, कुठं चाललं होतं. निघालं होतं मॅनेजर साहेबांच्या केबिनमधल्या पीसीवरून. चाललं होतं लातूरच्या सर्व्हरकडं, जो नावं शोधून द्यायचा. पीसी नाव कशाचं विचारत होता? एका नेटवर्क प्रिंटरचं. तो प्रिंटर चार महिन्यांपूर्वी निलंगा शाखेला पाठवून दिला होता. पीसीवर मात्र तो अजून बसवलेलाच, आणि साहेब पीसी बंद न करता नुसता पडदा बंद करून घरी जायचे. मग रात्रभर तो पीसी, आहे का तो प्रिंटर, आहे का, आणि त्याच्यासाठी राउटर एस.टी.डी. लावून विचारतोय, आहे का वो.

रात्री अकरानंतर एस.टी.डी.चे दर पाव असतात म्हणून लोक पीसीओसमोर रांगा लावायचे ते दिवस आठवतात. आमच्या पीसीला तेवढी तरी अक्कल असावी असं वाटून गेलं.

प्रिंटर पुसून टाकला. पण मी चिडलो होतो, आणि चिडलेल्या माणसानं ॲक्सेस-लिस्ट लिहू नये. मी १०१ नंबरची यादी केली, 'परमिट टीसीपी, पोर्ट २१', बाकी सगळं अदखलपात्र, आणि ती डायलर-लिस्टला जोडली. पोर्ट २१ म्हणजे एफटीपी, फाइल पाठवायची पद्धत. शाखेला एफटीपीशिवाय दुसरं काम काय? चाचणी घेतली, छोटी फाइल, गेली. निघालो.

मंगळवारी संध्याकाळी फोन. फाइल अर्धवट आली. बुधवारी गेली, गुरुवारी गेली. पुढच्या मंगळवारी परत अर्धवट. मला वाटलं लाइन खराब. एक्सचेंजनं लाइन तपासली, उत्तम. मग लातूरच्या सर्व्हरवर त्या अर्धवट फाइली उघडून बघितल्या, तर सगळ्या जवळपास एकाच मापाच्या, नऊशे केबीच्या आतबाहेर. लाइन खराब असती तर कधी इथं तुटली असती, कधी तिथं.

मग कागदावर गुणाकार मांडला. ६४ हजार बिट गुणिले १२० सेकंद, भागिले ८. नऊ लाख साठ हजार बाइट. वरचं ओझं वजा करा, नऊशे केबी. फोन बरोबर दोन मिनिटांनी ठेवला जात होता, फाइल जात असताना.

एफटीपीच्या दोन जोडण्या असतात. पोर्ट २१ वर नुसत्या सूचना चालतात: मी कोण, पासवर्ड काय, ही फाइल घे. खुद्द फाइल दुसऱ्या जोडणीवरून जाते, आमच्याकडं पोर्ट २० वर. सूचना देऊन झाली की २१ गप्प बसतो, फाइल पूर्ण होईपर्यंत. माझ्या यादीत दखलपात्र होता फक्त तो गप्प बसणारा. खरा माल वाहणारी पाकिटं अदखलपात्र, ती जात होती, पण घड्याळ भरत नव्हती. एकशे वीस सेकंद झाले, राउटरच्या मते बराच वेळ कुणी काही महत्त्वाचं बोललेलं नाही, खट. तुटल्यावर पीसी तीच पाकिटं परत परत पाठवत राहायचा, पण अदखलपात्र पाकिटासाठी राउटर परत फोन थोडाच लावणार. मंगळवार अंबाजोगाईचा बाजाराचा दिवस. त्या दिवशी नोंदी जास्त, फाइल एक एमबीच्या वर. इतर दिवशी फाइल छोटी, दोन मिनिटांच्या आत पसार.

उपाय एका ओळीचा निघाला. लातूरच्या त्या एका सर्व्हरकडं जाणारं टीसीपीचं सगळं दखलपात्र, बाकी नाही. पोर्टाचा नंबर बघू नका, कुणाकडं चाललंय ते बघा. तेव्हापासून मी असंच लिहितो.

अकरा शाखा लागेपर्यंत उन्हाळा आला आणि नवीनच प्रकार. लातूरला आम्ही दोन बीआरआय घेतल्या होत्या, म्हणजे चार चॅनल. एकाच वेळी चारच शाखा बोलू शकतात. म्हणून मी वेळापत्रक केलं होतं, साडेपाचला निलंगा आणि औसा, पावणेसहाला उदगीर, असं. छान चाललं होतं. मग भारनियमन वाढलं. संध्याकाळी पाच ते आठ लाइट नाही, यूपीएसच्या बॅटऱ्या तासाभरात झोपलेल्या, आणि आठ वाजता लाइट आली की सगळ्या शाखांचे सर्व्हर एकदम उठून फाइल पाठवायला धावणार. 'डीबग आयएसडीएन क्यू९३१' लावलं की कारणांची रांग दिसायची: ०एक्स८०९१, ०एक्स८०९१, ०एक्स८०९१. हा कोड म्हणजे नंबर बिझी. ८०९० असता तर नेहमीसारखा फोन ठेवला, ८०८१ म्हणजे असा नंबरच नाही. हे तीन कोड पाठ असले की अर्धी कामं घरबसल्या होतात. वीज मंडळाचं वेळापत्रक मिळवून त्यावर माझं वेळापत्रक बेतलं. ते दर पंधरवड्याला बदलायचं, मग माझंही. शेवटी शाखांनाच सांगितलं, नाही गेली तर दहा मिनिटांनी परत पाठवा, पीसीओवर बिझी लागला तर तुम्ही काय करता? हे सगळ्यांना लगेच कळलं.

त्यानंतर मोठ्या शाखांना लीज लाइन, म्हणजे कायम जोडलेल्या भाड्याच्या लाइन, आल्या, ६४ केबीपीएसच्या, आणि आयएसडीएन झालं बॅकअप. लीज लाइनच्या सिरियल इंटरफेसवर 'बॅकअप इंटरफेस बीआरआय०', खाली 'बॅकअप डिले १० ३०'. लीज लाइन पडली की दहा सेकंदांनी आयएसडीएन उठायचं, लीज लाइन आली की तीस सेकंदांनी झोपायचं. हे बँकेच्या जी.एम. साहेबांना आणि चार संचालकांना दाखवायचं ठरलं. मी रुबाबात सिरियलवर 'शटडाउन' टाइप केलं आणि म्हणालो, आता बघा. दहा सेकंद. वीस. एक मिनिट. संचालकांपैकी एक जण घड्याळ बघायला लागले. माहिती नसलेली गोष्ट ही की, आपण स्वतः 'शटडाउन' करून पाडलेल्या लाइनसाठी बॅकअप उठत नाही. राउटरचा हिशेब सरळ आहे: मालकानंच बंद केलंय, आपण कशाला मध्ये पडा. मी गडबडीत मागं गेलो आणि मॉडेमची केबलच उपटली. दहा सेकंदांत फोन लागला. संचालकांना वाटलं असणार, केबल उपटली की चालू होतं.

परळीचं मात्र कुणालाच सांगितलं नव्हतं, आज सांगतो. सकाळी परळीची लीज लाइन पडली. आयएसडीएन आपसूक उठलं, शाखेचं काम चालू, कुणाला कळलंही नाही. मी लातुरात बसून उगाच हुशारी केली. शाखेत फोन करून शिपाई मामांना सांगितलं, "मामा, मॉडेमवर एक छोटं बटण आहे, ते दाबा, आणि लाल दिवा लागतो का सांगा." ते लोकल लूपचं बटण. दाबलं की मॉडेम राउटरचं बोलणं राउटरलाच परत ऐकवतो. राउटरपासून मॉडेमपर्यंतची केबल ठीक आहे का ते त्यावरून कळतं. मामा म्हणाले, "लागला." मी म्हटलं, "झालं, केबल ठीक आहे," आणि फोन ठेवला.

दहा मिनिटांनी परळीहून ओरडा, सगळं बंद. माझ्या बाजूनं लीज लाइन डाउन, आणि परळीचा आयएसडीएनवरचा फोनही गायब. मॅनेजर बाईंना एनटीच्या डबीवरचे दिवे बघायला लावले, ठीक. राउटर बंद-चालू करायला लावला, फरक नाही. एक्सचेंजला फोन केला, आयएसडीएन उत्तम. दुपारी गाडी धरली, अंबाजोगाईमार्गे परळी, उन्हाचं. शाखेत शिरलो, पाणी प्यालो, कन्सोल लावला. 'सिरियल ० इज अप, लाइन प्रोटोकॉल इज अप', आणि पुढं कंसात एकच शब्द, 'लूप्ड'. राउटरला स्वतःचाच आवाज परत ऐकू येत होता आणि तो समजून चालला होता की लातूर बोलतंय. लाइन आली म्हणून त्यानं तीस सेकंद मोजून आयएसडीएन ठेवून दिलं होतं. चालू असलेली शाखा मी लातुरातून, फोनवरून, बंद पाडली होती. 'डाउन-व्हेन-लूप्ड' नावाची कमांड त्यासाठीच असते. तेव्हापासून प्रत्येक सिरियलवर ती आधी लिहितो, आयपी पत्ता मागाहून.

मी स्क्रीनकडं बघत बसलो होतो. मामा चहा घेऊन आले, कप टेबलावर ठेवला आणि हळूच म्हणाले,

"सायेब, त्ये सकाळचं बटन आजून दाबलेलंच हाय. सोडू का?"